परिषदेनें शाळेस काय दिलें?

शिक्षणाचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा कायदे, अहवाल आणि आंकडे यांच्या आधारें तो लिहितात. कोणत्या सालीं कोणतें खातें निघालें, कोणत्या समितीनें काय सुचविलें, शाळा किती वाढल्या, हें सर्व त्यांत सविस्तर असतें. परंतु ज्या माणसाच्या हातून ती शाळा प्रत्यक्ष चालावयाची, त्या मुख्याध्यापकाचा उल्लेख त्यांत क्वचितच येतो. शिक्षकाला शेजारच्या वर्गावर दुसरा शिक्षक भेटतो. कचेरींतील अधिकाऱ्याला बरोबरीचे अधिकारी असतात. मुख्याध्यापक मात्र लहान गांवांत आपल्या कामाचा एकटाच धनी असतो. शिक्षक त्याच्याकडे निर्णयासाठीं पाहतात, पालक तक्रारीसाठीं, चालक मंडळ हिशेबासाठीं आणि तपासनीस दप्तरासाठीं. ज्याला आपली अडचण मोकळ्या मनानें सांगावी आणि ज्यानें ‘आमच्याकडेही असेंच झालें होतें’ असें म्हणावें, असा मनुष्य त्याला गांवांत सांपडत नाहीं. तो मनुष्य भेटावा एवढ्याचसाठीं मुख्याध्यापकांच्या परिषदा निघाल्या, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या परिषदांविषयीं सुशिक्षित समाजाचें मत फारसें अनुकूल नसतें. दोन दिवसांचा मंडप, स्वागताध्यक्षांचें भाषण, अध्यक्षांचें त्याहून लांब भाषण, मिष्टान्नाचें भोजन आणि शेवटीं डझनभर ठराव. तिसऱ्या दिवशीं शाळा पहिल्यासारखीच. ही टीका अगदींच खोटी नाहीं. पण एखाद्या वस्तूची किंमत ती विपुल असतांना कळत नाहीं, ती मिळेनाशी झाली म्हणजे कळते. मराठवाड्याच्या इतिहासांत असा एक काळ होऊन गेला कीं, त्या काळीं शाळा काढण्यासही परवानगी लागे आणि सभा भरविण्यासही परवानगी लागे. नांदेड व लातूर यांच्या परिसरांत त्या काळीं काय घडलें आणि पुढें काय घडत आलें, हें नीट पाहिलें म्हणजे परिषदेनें शाळेस काय दिलें या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं मिळतें.

परंतु तिकडे वळण्यापूर्वीं ही कल्पना मुळांत कशी निघाली तें पाहणें इष्ट आहे. इंग्लंडांत १८६९ सालीं जुन्या देणग्यांवर चालणाऱ्या शाळांसंबंधीं एक कायदा झाला. आपल्या शाळांच्या अंतर्गत कारभारांत सरकार हात घालणार, अशी धास्ती त्या शाळांच्या मुख्याध्यापकांस वाटूं लागली. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत कँटरबरीच्या शाळेचे मुख्याध्यापक मिचिन्सन यांनीं लंडन येथें आपल्या व्यवसायबंधूंस एकत्र बोलाविलें. आणि डिसेंबरांत अपिंगहॅम या लहानशा गांवच्या शाळेचे मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग यांनीं आपल्या शाळेंत दुसरी बैठक भरविली. निमंत्रणें सुमारें तीन डझन गेलीं. आलेले मुख्याध्यापक बारा-चौदाच होते. मोठ्या नामांकित शाळांपैकीं बहुतेकांनीं प्रथम पाठच फिरविली. तरी थ्रिंगसाहेबांनीं हें संमेलन दर वर्षीं भरावें असा आग्रह धरिला, आणि प्रारंभीच्या वर्षांत तें दर वेळीं निराळ्या ठिकाणीं भरत गेलें.

यांतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, हे लोक भीतीमुळें एकत्र आले, पण भीति ओसरल्यावरही एकत्र येत राहिले. कारण एकमेकांशीं बोलल्यानें शाळेचें काम सोपें होतें हा अनुभव त्यांना मध्यंतरीं आला होता. दुसरी ही कीं, परिषद एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत जात असल्यामुळें येणाऱ्यास नुसतें भाषण ऐकावयास मिळत नसे, तर दुसऱ्याची शाळा डोळ्यांनीं पाहावयास मिळे. वर्ग किती मोठे, मुलांची राहण्याची सोय कशी, ग्रंथालय कोठें, खेळाचें मैदान कसें, हें पाहिल्यावर मनुष्य आपल्या शाळेकडे निराळ्या दृष्टीनें पाहूं लागतो.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत अशी प्रत्यक्ष परिषद भरविण्याची सोय फार थोडी होती. रस्ते कच्चे, पगार तुटपुंजे, रजा दुर्मिळ. तेव्हां मुंबई इलाख्यांत ही उणीव कांहीं अंशीं एका मासिकानें भरून काढिली. १८६१ सालीं निघालेलें ‘शाळापत्रक’ हें शिक्षकांसाठीं चालविलेलें पत्र होतें. प्रथम कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि मागाहून त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीं त्याचें संपादन केलें. एखाद्या खेड्यांतल्या शिक्षकास दुसऱ्या जिल्ह्यांतल्या शिक्षकाचे विचार त्यांतून कळावयाचे. म्हणजे ती कागदावरची परिषदच होती. परंतु पत्र सरकारी आश्रयाचें होतें. विष्णुशास्त्र्यांची लेखणी जशी तिखट होऊं लागली, तसा सरकारचा रोष वाढत गेला आणि १८७५ सालीं तें पत्र बंद पडलें. शिक्षकांनीं एकत्र येऊन विचार करावा, पण तो विचार वरिष्ठांस रुचेल एवढाच असावा, ही अडचण तेव्हांपासूनची आहे.

आतां मराठवाड्याकडे वळूं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पांच मराठी जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होते. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १५ ऑगस्ट १९८२ रोजीं झाला. नांदेड व लातूर यांच्यामधील अंतर कोसांनीं मोजलें तर फार नव्हे, पण त्या काळचा प्रवास कोसांवर अवलंबून नसे. नांदेडास १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग आला. लातुरास १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी आली. नांदेडची गाडी प्रवाशास मनमाडाकडे किंवा सिकंदराबादेकडे नेई; लातूरची गाडी बार्शीवरून कुर्डुवाडीकडे नेई. या दोन गांवांस जोडणारा थेट लोहमार्ग मात्र नव्हता. त्यामुळें लातूरच्या मास्तरास सोलापूर-पुण्याचें वारें आधीं लागे आणि नांदेडच्या मास्तरास हैदराबादचें. एकाच प्रांतांतील दोन शाळा एकमेकींस परक्या राहात.

याहून मोठी अडचण भाषेची होती. संस्थानांतील प्रजेपैकीं सुमारें चौथा हिस्सा मराठी बोलणारा होता. तेलुगु बोलणारे त्याहून अधिक आणि कानडी बोलणारेही पुष्कळ. पण राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. खालच्या इयत्तांत मराठी चाले. वर जावें तसें सरकारी शाळांत उर्दूचें प्राबल्य वाढे. शेतकऱ्याच्या मुलास चौथ्या इयत्तेपर्यंत जें समजत होतें, तें पुढें त्याच्या घरांत कोणासही न येणाऱ्या भाषेंतून शिकावें लागे. अशा मुलानें शाळा सोडली तर त्यास मंद म्हणावें कीं शाळेस दोष द्यावा, हा प्रश्न त्या भागांतील प्रत्येक मुख्याध्यापकापुढें उभा असे. आणि तो सोडविण्याची सत्ता त्यांच्यापैकीं एकाच्याही हातीं नसे.

याच भाषेच्या प्रश्नावर एका परिषदेचा इतिहास मोठा मार्मिक आहे. १९१५ सालीं हैदराबाद येथें शिक्षण परिषदेचें पहिलें अधिवेशन अकबर हैदरी यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. परक्या इंग्रजी भाषेंतून शिकल्यानें विद्यार्थ्याची बुद्धि पाठांतरांत खर्ची पडते, म्हणून उच्च शिक्षण देशी भाषेंतून द्यावें, हा विचार त्या सुमारास तेथील शिक्षणतज्ज्ञांत जोर धरीत होता. हैदरींनीं तो निजामापुढें मांडिला आणि १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें. देशी भाषेच्या माध्यमांतून सर्व शाखांचें उच्च शिक्षण देणारें विद्यापीठ म्हणून त्याचा लौकिक हिंदुस्थानभर झाला, आणि तो योग्यच होता. वैद्यकापासून गणितापर्यंत ग्रंथांचीं भाषांतरें करण्यासाठीं तेथें स्वतंत्र खातें उघडण्यांत आलें. मात्र ती देशी भाषा उर्दू होती. जो युक्तिवाद इंग्रजीविरुद्ध उर्दूच्या बाजूनें बिनतोड ठरला, तोच युक्तिवाद मराठी, तेलुगु आणि कानडी यांच्या बाजूनें तितकाच बिनतोड होता. पण तो मांडण्यास या भाषांच्या शिक्षकांस व्यासपीठ नव्हतें. परिषद ज्याच्या हातीं असते त्याच्या मुलांचा विचार आधीं होतो, एवढा धडा यांतून घेण्यासारखा आहे.

मग मराठी लोकांनीं आपल्या शाळा आपण काढण्याचा मार्ग धरिला. हैदराबाद येथें केशवराव कोरटकर, वामन नाईक प्रभृतींच्या खटपटीनें विवेकवर्धिनी निघाली. गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघालें. औरंगाबादेस १९१५ सालीं सरस्वती भुवन निघालें. उस्मानाबाद जिल्ह्यांत हिप्परगा या खेड्यांत असहकारितेच्या लाटेंत, १९२१ सालीं, राष्ट्रीय शाळा उघडली गेली. परंतु १९२४ च्या सुमारास सरकारनें खासगी शाळांसाठीं पूर्वपरवानगीचा नियम केला. शाळा उघडावयाची तर आधीं अर्ज, अर्जावर चौकशी, आणि चौकशीचा निकाल केव्हां लागेल याचा नेम नाहीं. पुढें १९२९ सालीं ‘गश्ती निशाण त्रेपन्न’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें परिपत्रक निघालें आणि जाहीर सभांसही परवानगीचें बंधन आलें. म्हणजे शाळा काढणाऱ्यास शाळेसाठीं एक अर्ज करावा लागे, आणि त्या अर्जाचें पुढें काय झालें याची चार लोकांत चर्चा करावयाची तर दुसरा.

या बंधनांचा परिणाम असा झाला कीं, संस्थानच्या प्रजेस आपल्या प्रश्नांचा विचार करण्यासाठीं संस्थानाबाहेर जावें लागलें. हैदराबाद राजकीय परिषदेचें पहिलें अधिवेशन १९२३ सालीं काकिनाड्यास, दुसरें १९२६ सालीं मुंबईस, तिसरें १९२८ सालीं पुण्यास आणि चौथें १९३१ सालीं अकोल्यास भरलें. घरांतल्या गोष्टी बोलण्यासाठीं शेजाऱ्याच्या ओसरीवर बसावें, तसा हा प्रकार होता. ज्यांनीं एवढा प्रवास पदरच्या खर्चानें केला, त्यांनीं परिषद ही करमणूक समजली असेल असें कोण म्हणेल?

संस्थानाच्या आंत पहिली वाट काढिली ती महाराष्ट्र परिषदेनें. तिचें पहिलें अधिवेशन १९३७ च्या उन्हाळ्यांत परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. दुसरें १९३८ सालीं लातूर येथें भरलें आणि तिसरें १९४१ सालीं नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें. उघड राजकारणास वाव नसल्यामुळें या परिषदांत सामाजिक, आर्थिक आणि शैक्षणिक प्रश्नांची चर्चा प्रामुख्यानें होई. प्राथमिक शिक्षण मातृभाषेंतून मिळावें, खासगी शाळांवरील बंधनें सैल व्हावींत, या मागण्या तेथें जाहीरपणें मांडतां आल्या. ही केवळ मुख्याध्यापकांची परिषद नव्हती; वकील, व्यापारी, शेतकरी असे सर्वच तींत होते. पण शाळा चालविणाऱ्यांस तिनें जें दिलें तें दुसऱ्या कोणत्याही संस्थेनें दिलें नव्हतें. आपल्या गांवची अडचण ही आपल्या एकट्याची नसून पांचही जिल्ह्यांची आहे, हें त्यांस प्रथमच कळलें. एकट्याची अडचण ही गाऱ्हाणें असतें. पांच जिल्ह्यांची अडचण हा प्रश्न होतो, आणि प्रश्नास उत्तर मागतां येतें.

या काळांतील एका मुख्याध्यापकाचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. व्यंकटेश खेडगीकर हे १९०३ सालीं सिंदगी येथें जन्मले. कामगार चळवळींत कांहीं काळ घालविल्यानंतर ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षक म्हणून आले. १९३२ सालीं त्यांनीं संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ हें नांव धारण केलें. संन्यास घेऊनही त्यांनीं शाळा सोडली नाहीं. १९३५ सालीं ते अंबाजोगाईस आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाचें मुख्याध्यापकपद त्यांनीं पत्करिलें. अंबाजोगाई हें लातूरच्या उत्तरेस, बीड जिल्ह्यांत. पैसा थोडा, शिक्षक निवडक, सरकारची नजर वक्र. अशा स्थितींत शाळा चालविणें म्हणजे काय, हें त्यांना प्रत्यक्ष ठाऊक होतें. महाराष्ट्र परिषदेच्या कामांत ते पुढें आले आणि १९३८ सालीं मुख्याध्यापकपद सोडून सर्वस्वीं लोकचळवळींत पडले. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. परंतु तो नेता शाळेंत घडला आणि परिषदेंत लोकांपुढें आला, हा क्रम विसरतां कामा नये. शाळेनें त्यांस प्रश्न दिला, आणि परिषदेनें तो प्रश्न विचारणारे सोबती दिले.

त्याच वर्षांत मराठी मुलुखांतच दुसरी एक परिषद भरली. तिची तुलना येथें उपयोगी पडेल. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्धा येथें मारवाडी विद्यालयांत गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली. सात वर्षांचें सक्तीचें व मोफत शिक्षण, मातृभाषेचें माध्यम आणि हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण, ही योजना तेथें पुढें आली. शाळेचा खर्च मुलांच्या उद्योगांतून निघावा, या गांधीजींच्या सूचनेस प्राध्यापक के. टी. शहा यांनीं स्पष्ट हरकत घेतली. डॉ. झाकिर हुसेन यांनींही आपल्या शंका मांडिल्या. आणि योजनेचा तपशील ठरविण्याचें काम ज्या समितीकडे गेलें, तिचे अध्यक्ष पुढें तेच झाले. समितीच्या अहवालांत खर्चाच्या मुद्द्यापेक्षां शिक्षणाच्या मुद्द्यावर भर आला. ज्या मंडपांत अध्यक्षस्थानीं गांधीजी होते, तेथेंही शंका विचारतां आली आणि शंका विचारणाराच कामाचा धनी झाला, ही त्या परिषदेची थोरवी. परंतु योजना मोठ्या माणसांनीं आंखली होती. ती ज्यांनीं वर्गांत चालवावयाची, त्या हजारों शाळांच्या मुख्याध्यापकांस ती वरून आलेल्या हुकमासारखी वाटली. तकली शाळेंत आली, पण तिच्या मागचा विचार बहुतेक ठिकाणीं वर्ध्यासच राहिला. योजना कितीही चांगली असली तरी ती राबविणाऱ्यांनीं ती आपसांत घोळल्याशिवाय शाळेंत रुजत नाहीं.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्यांत विलीन झालें आणि मराठवाड्याच्या शाळांचा नवा काळ सुरू झाला. उर्दू माध्यमाच्या जागीं मराठी आलें. पण हुकूम निघाल्यानें माध्यम बदललें तरी शिक्षक बदलत नाहींत. ज्यांचें स्वतःचें शिक्षण उर्दूंतून झालें, त्यांना भूमिति आणि पदार्थविज्ञान मराठींत शिकवावयाचें होतें. पुढें १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हां मुख्याध्यापकांस निराळ्या खात्याचे निराळे नियम पुन्हां नव्यानें शिकावे लागले. आठ वर्षांत दोन वेळां घडी बदलली. एका मुख्याध्यापकानें कोणती शिक्षकांची जोडणी केली, दुसऱ्यानें परिभाषेचे शब्द कोठून घेतले, हें एकमेकांस विचारण्याची गरज या वेळेइतकी क्वचितच पडली असेल.

उच्च शिक्षणाचीही तीच कथा. १९५० सालीं नांदेड येथें स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज निघालें. त्याच वर्षीं औरंगाबादेस डॉ. आंबेडकरांच्या संस्थेचें महाविद्यालय सुरू झालें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. लातुरास १९६१ सालीं दयानंद महाविद्यालय आणि १९७० सालीं राजर्षि शाहू महाविद्यालय निघालें. नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेंत शिक्षक असलेले नरहर कुरुंदकर पुढें पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. हे गृहस्थ गांवोगांवच्या व्याख्यानमालांतून सतत बोलत राहिले आणि १० फेब्रुवारी १९८२ रोजीं त्यांचें निधन झालें तेंही औरंगाबादेस व्याख्यानाच्या प्रसंगींच. शाळेच्या चार भिंतींत कोंडून न घेणारा शिक्षक एका प्रांताच्या विचारास किती चालना देऊं शकतो, याचें याहून जवळचें उदाहरण मराठवाड्यास शोधावें लागत नाहीं.

शाळांची संख्या जसजशी वाढली, तसतशी मुख्याध्यापकांनीं एकत्र बसावें ही गोष्ट सरकारनेंही मनावर घेतली. १९६४ ते १९६६ या काळांत काम केलेल्या कोठारी आयोगाचे सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे. त्या आयोगानें सुचविलें कीं, एका माध्यमिक शाळेभोंवतींच्या प्राथमिक शाळांचा एक समूह करावा; त्यांच्या मुख्याध्यापकांनीं नियमानें एकत्र बसावें; साधनें, ग्रंथ आणि अनुभव यांची देवघेव करावी. म्हणजे शाळेचें एकलेपण मोडावें. महाराष्ट्रांत १९९४ सालीं केंद्रप्रमुखांचीं पदें निर्माण झालीं, आणि केंद्रांतील शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद भरविण्याची प्रथा पडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही प्रत्येक मुख्याध्यापकानें दर वर्षीं किमान ५० तास स्वतःच्या व्यावसायिक शिक्षणास द्यावेत अशी अपेक्षा केली आहे. ज्या भूमींत एका सभेसाठीं काकिनाड्यापर्यंत जावें लागलें, तेथें आतां दर महिन्यास परिषद भरते. हा बदल लहान नव्हे.

परंतु विपुलतेबरोबर तिचे दोषही आले. जी परिषद सरकार भरवितें ती पुष्कळ वेळां सूचना देण्याची जागा होते. माहितीचे तक्ते कोणत्या तारखेस द्यावयाचे, कोणती योजना केव्हां सुरू करावयाची, हें सांगण्यांत दिवस सरतो. आणि मुख्याध्यापक जसा आला तसा, कागदांचें ओझें तेवढें वाढवून, परत जातो. सूचना देण्यास परिपत्रक पुरेसें असतें. त्यासाठीं दोन शिक्षकांच्या शाळेंतला मुख्याध्यापक, जो स्वतःही दोन-दोन वर्ग शिकवितो, त्यास वर्गावरून उठविणें हा त्या मुलांवर अन्यायच होय. परिषदेचा एक दिवस म्हणजे कोठेंतरी तीस-चाळीस मुलांचा एक दिवस. त्याची भरपाई होईल एवढें कांहीं शाळेंत परत आलें पाहिजे.

लातूरच्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या पद्धतीचा इतिहासही या बाबतींत बोधप्रद आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत लातूरच्या शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी परीक्षांत सातत्यानें वर येऊं लागले. वारंवार घेतलेल्या चांचण्या, प्रश्नांचे संच, जादा तास, आणि शिकविणाऱ्यांची कसोशी, हें त्या पद्धतीचें बाह्य रूप. मुंबई-पुण्याच्या मुलांशीं मराठवाड्याच्या मुलांनीं बरोबरी करावी, ही त्यामागची ईर्ष्या. ती पुरी झाली, आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनच नव्हे तर दुरून पालक मुलांस घेऊन लातुरास येऊं लागले. दुसऱ्या गांवांनीं ती पद्धति उचलली. पण पुष्कळांनीं चांचण्या आणि जादा तास तेवढे उचलले. कोणत्या विषयांत मुलें कां अडतात याचा शिक्षकांनीं मिळून केलेला विचार हा पद्धतीचा गाभा होता. तो वेळापत्रकाबरोबर नकलून घेतां येत नाहीं. लातूरच्या यशाची नक्कल झाली तितकी त्याची चिकित्सा झाली नाहीं. या पद्धतीनें मुलांवर किती ताण पडतो, मध्यम बुद्धीच्या मुलाचें काय होतें, आणि गुणांपलीकडे शाळेनें काय द्यावें, हे प्रश्न बरोबरीच्या मुख्याध्यापकांनीं एकमेकांस विचारावयाचे असतात. जाहिरातींत ते येत नाहींत आणि अहवालांतही येत नाहींत.

या साऱ्या इतिहासावरून परिषदेची कसोटी कोणती ठरते? पहिली गोष्ट, ती शक्यतों शाळेंत भरावी आणि दर वेळीं निराळ्या शाळेंत भरावी. कारण मंगल कार्यालयांत भरलेल्या परिषदेंत फळा दिसत नाहीं कीं मूल दिसत नाहीं. दुसरी, तींत बोलणारे थोडे आणि सांगणारे पुष्कळ असावेत. भाषण करणें निराळें आणि आपल्या शाळेंत काय साधलें व काय फसलें हें सांगणें निराळें. नांदेड जिल्ह्यांत किनवटकडील डोंगराळ भागांत घरीं गोंडी किंवा बंजारा बोली बोलणारीं मुलें पहिलींत येतात, तेव्हां प्रमाण मराठीचें पुस्तक त्यांना किती परकें वाटतें, हें तेथील मुख्याध्यापकाइतकें कोणास ठाऊक असणार? निजामी राजवटींत मराठी मुलाची जी स्थिति उर्दूपुढें होती, तीच आज कांहीं अंशीं या मुलांची मराठीपुढें आहे. ज्यांनीं मातृभाषेसाठीं लातूर आणि उमरीच्या मंडपांत आवाज उठविला, त्यांच्या वारसांनीं हा प्रश्न आपल्या परिषदेंत आणिला नाहीं, तर इतिहासापासून कांहींच घेतलें नाहीं असें होईल.

तिसरी कसोटी सर्वांत सोपी आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. परिषद पुन्हां भरेल तेव्हां पहिल्या तासास, मागील वेळीं ठरलेल्या गोष्टींपैकीं कोणत्या शाळेंत काय झालें, एवढेंच विचारावें. ज्या परिषदेस हा प्रश्न अडचणीचा वाटतो, ती अजून परिषद झालेली नाहीं. ती सभा आहे.

महाराष्ट्र परिषदेच्या अधिवेशनांस गेलेल्या शाळाचालकांच्या हातीं सत्ता नव्हती, अनुदान नव्हतें, आणि त्यांच्या ठरावांस सरकारदरबारीं फारशी किंमतही नव्हती. तरी ते परत गेले ते आपल्या शाळा बंद न करण्याचा निश्चय करून. आणि त्यांपैकीं पुष्कळ शाळा पुढें टिकल्या, वाढल्या, आणि मराठवाड्याची पहिली शिकलेली पिढी त्यांनींच तयार केली. आजच्या मुख्याध्यापकाजवळ त्यांच्यापेक्षां साधनें अधिक आहेत आणि भीति कमी आहे. परिषदेहून परत येतांना त्यानें शेजारच्या तालुक्यांतल्या एका मुख्याध्यापकाचा पत्ता, त्याच्या शाळेंत यशस्वी झालेली एक युक्ति आणि आपल्या शाळेंतील एका मुलाच्या अडचणीवर मिळालेलें एक उत्तर, एवढें जरी आणिलें, तरी त्या दिवशीं बुडालेला तास मुलांना व्याजासकट परत मिळाला असें समजण्यास हरकत नाहीं.